कापसाच्या मुलखातील मोटार-मिस्त्री

वर्धा जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी सेवाग्राम, पवनार आणि मगनवाडी या तीन स्थळांभोवती रमली, आणि ते सर्वस्वी उचितच होते; कारण ज्या विचारांनी देशाच्या राजकारणाला नैतिक अधिष्ठान दिले, त्यांचा पुष्कळसा भाग याच मातीत रुजला. परंतु ज्या काळात मगनवाडीत तेलघाणी, हातकागद आणि मधमाशीपालन यांचे प्रयोग चालले होते, त्याच काळात वर्धा, पुलगाव, आर्वी आणि हिंगणघाट येथील स्टेशनांच्या व कापूसबाजारांच्या आसपास, टिनाच्या छपरांखाली, दुसरीही एक हस्तविद्या आकार घेत होती. पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारींच्या इंजिनांची हेडे उतरवावीत, घासावीत, सरळ करावीत आणि नवे पॅकिंग घालून पुन्हा बसवावीत, अशी ती विद्या. वरकरणी हा विषय इतिहासाच्या प्रतिष्ठेचा वाटणार नाही. तथापि परदेशी कारखान्यात घडलेले, ज्याचे सुटे भाग वेळेवर मिळण्याची शाश्वती नाही असे, आणि येथील वैशाखाची कल्पनाही नसलेल्या माणसांनी आखलेले यंत्र या जिल्ह्यात वर्षानुवर्षे चालते राहिले ते कोणाच्या हातांमुळे, हा प्रश्न मला या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासातला एक मूलभूत प्रश्न वाटतो. आणि त्याचे उत्तर मोटारीच्या आगमनापूर्वीपासून शोधावे लागते.

१८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा आरंभापासूनच कापसाचा. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली, पुढच्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग येथून नागपुरास पोहोचला, आणि ज्याचे नाव विलायतेतील गिरणीवाल्यांनाही परिचित होते त्या हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाला मुंबई बंदराचा सरळ रस्ता मिळाला. रेल्वेमागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, आणि ज्या मुलखात लोहाराच्या भात्यापलीकडे यंत्र म्हणून काही नव्हते तेथे एका पिढीच्या अवधीत बॉयलर, वाफेचे इंजिन, छतालगत फिरणारा लांब शाफ्ट, चामड्याचे पट्टे आणि जिनांच्या रांगा हे रोजचे दृश्य झाले. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरे. पुढचे महिने यंत्रे खोलून दुरुस्त करण्याचे. वाफेचा सांधा गळू लागला की तांबे वा अॅस्बेस्टॉस घालून तो बांधावा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत, एका बाजूने एकदम दाब देऊ नये, दोन ओतीव पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात की नाही हे रंग लावून पाहावे, ही सारी शिकवण जिनातल्या फिटरला अशा दुरुस्तीच्या महिन्यांतून मिळत गेली. मोटारीचे हेड बसवण्याच्या शास्त्राचा गाभा तोच आहे. म्हणून माझे मत असे की, वर्ध्याच्या मोटार-मिस्त्र्याचा खरा गुरू मुंबईचा मोटारवाला नसून जिनातला फिटर होय. मोटार आली तेव्हा विद्या आधीच हजर होती, तिला फक्त नवे यंत्र मिळाले.

मोटारी आल्या त्या मुख्यतः विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही त्याच सुमारास मुंबईत बस्तान बसवले. आणि शेव्हरले व फोर्ड ही दोन नावे मालगुजारांच्या वाड्यांपासून आडत्यांच्या गाद्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्त्यांचा प्रश्न प्रथमच अखिल भारतीय पातळीवर मांडला, आणि तिच्या शिफारशींतून १९२९ साली रस्तेनिधी उभा राहिला. तोपर्यंत आगगाडीपासून दूरच्या गावांचा माल बैलबंडीवाचून हलत नव्हता. पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची आगगाडी १९१७ साली सुरू झाली होती खरी, परंतु तिच्या वाटेवर नसलेल्या गावांचा त्यात काही लाभ नव्हता. ३९२ पौंडांची एक गाठ या हिशेबाने तीन टनी मालमोटार एका खेपेत सतरा गाठी नेई, आणि बंडीला जेथे दिवस लागे तेथे ती सकाळी जाऊन दुपारी परत येई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, तपासणी आणि प्रादेशिक परिवहन अधिकारी यांची चौकट घातली. तेव्हापासून नादुरुस्त इंजिन ही केवळ मालकाची अडचण न राहता परवान्याच्या खेपा बुडवणारी बाब झाली.

आता हेड म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे सारे निरर्थक वाटेल. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यात सिलिंडर कोरलेले असतात. त्यांच्या माथ्यावर जो दुसरा ओतीव भाग बोल्टांनी वा स्टडांनी आवळून बसवतात, ज्याच्या पोटात वायूचे ज्वलन होते आणि ज्याच्या पोकळीतून थंड करणारे पाणी वाहते, ते हेड. दोहोंमध्ये तांब्याच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस दाबून केलेले पॅकिंग असते. एकीकडे ज्वालेचा दाब, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे तेल, आणि या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवणारा तो एवढासा पातळ थर: मालमोटारीच्या सगळ्या सामर्थ्याचा भार शेवटी त्याच्यावर येऊन ठेपतो.

त्या काळी या जिल्ह्यात चालणाऱ्या इंजिनांत दोन घराणी होती. फोर्डची व्ही-आठ आणि डॉजची सहा सिलिंडरांची इंजिने यांच्या झडपा ठोकळ्यातच, सिलिंडरच्या कडेला असत. त्यामुळे त्यांचे हेड हे डब्याच्या झाकणासारखे, आत कोणतेही हलणारे अंग नसलेले. इंग्लंडमधील हॅरी रिकार्डो या अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर अशा झाकणाच्या आतील पोकळीला विशिष्ट आकार देऊन वायूत भोवरा उत्पन्न करण्याची युक्ती शोधली, आणि या स्वस्त, साध्या इंजिनांचे आयुष्य त्यामुळे कित्येक दशकांनी वाढले. शेव्हरलेची सहा सिलिंडरांची आणि विलायती बेडफर्डची इंजिने दुसऱ्या घराण्यातली: त्यांच्या झडपा हेडातच टांगलेल्या, वर रॉकर, खालून येणाऱ्या पुशरॉडच्या काठ्या. फोर्डच्या व्ही-आठला हेडे दोन, आणि १९३८ नंतरच्या इंजिनात प्रत्येक हेडाला चोवीस स्टड; म्हणजे दोन्ही हेडे उतरवायची तर अठ्ठेचाळीस नट. शेव्हरलेला हेड एकच, परंतु ते उतरले की झडपांचे सगळे काम हातात येई. मिस्त्र्यांत या दोन घराण्यांविषयी पक्ष असत, आणि माझ्या दृष्टीने शेव्हरलेचा पक्ष अधिक बळकट होता. कारण फोर्डच्या व्ही-आठमध्ये जळका वायू ठोकळ्यातील पाण्याच्या पोकळीतूनच बाहेर नेलेला असल्यामुळे ते इंजिन थंड देशातही तापट म्हणून प्रसिद्ध होते, आणि वर्धा हा काही थंड देश नव्हे.

येथे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. काळ्या कातळातील विहिरींचे पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घालून उकळत गेले की हेडाच्या पोकळीत क्षाराचा थर चढतो, वाटा बुजतात, आणि जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथेच पाणी पोहोचेनासे होते. त्यात रस्ते कच्चे, माल जास्त, आणि आर्वी तहसिलीच्या उत्तरेस सातपुड्याच्या फाट्यांची चढण, तळेगावच्या घाटासारखी. चढणीवर पाणी उकळून निघून जाई, चालक नाल्याकाठी गाडी थांबवी, आणि घाईने थंडगार पाणी तापलेल्या इंजिनात ओती. ओतीव लोखंडाला हा आघात सोसत नाही. ते तडकते, बहुधा झडपेच्या बैठकीजवळ. याउलट जे हेड तडकत नसे ते हळूहळू वाकडे होई, आणि मग पॅकिंग उडे. लागून असलेले दोन सिलिंडर एकदमच मार सोडू लागले, तर त्या दोहोंमधले पॅकिंग जळले. रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, तर ज्वाला पाण्यात शिरली. तेल दुधासारखे फेसाळले, तर पाणी तेलात उतरले: हे निदान जाणता मिस्त्री इंजिन न खोलता करी.

हेड उतरवण्याचे काम नेहमी पूर्ण थंड इंजिनावर करावयाचे, म्हणून ते पहाटे सुरू होई. पाणी सोडावे, नळ्या काढाव्यात, शेव्हरले असेल तर रॉकरचा दांडा उचलून पुशरॉड आपापल्या क्रमाने मांडून ठेवावेत, कारण झिजलेले भाग ज्याच्या त्याच्या जागी परत गेले तरच बोलत नाहीत. नट बाहेरच्या बाजूने मध्याकडे, थोडे थोडे सैल करीत जावे. हेड चिकटलेले असेल तर पॅकिंगमध्ये छिन्नी ठोकणारा नवखा समजावा, कारण छिन्नीचा एक ओरखडा पुढे कायमची गळती होतो. प्लग तसेच ठेवून पुढून हँडल मारले, की सिलिंडरातील हवेचा दाबच ते हेड सुटे करतो. मग पिस्टनच्या माथ्यावरचा आणि हेडाच्या पोटातला कार्बन तांब्याच्या वा लाकडाच्या पट्टीने खरवडावयाचा. पोलादी पट्टी हेडाच्या पृष्ठभागावर आडवी, उभी आणि कर्णरेषेत ठेवून खाली पानगेज सरकवावयाचा. सहस्रांश इंचाच्या काही पात्यांपलीकडे फट दिसली, तर हेड वाकडे.

हे वाकडे हेड सरळ करण्याचे काम म्हणजे या विद्येची कसोटी. मोठ्या शहरात ते यंत्रावर तासले जाई. जेथे यंत्र नव्हते तेथे सपाट पाट्यावर निळा रंग पसरून त्यावर हेड घासावे, जेथे रंग लागेल तो उंचवटा समजून तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडावा, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे, असे तासन्‌तास चाले. झडपांसाठी कुरुंदाची बारीक पूड तेलात कालवून ती बैठकीवर लावावी आणि झडप डाव्या-उजव्या बाजूस अर्धवट फिरवीत राहावी, जोपर्यंत दोन्ही कडांवर एकसारखी करडी, अखंड पट्टी उमटत नाही. बैठक नीट झाली की नाही, हे पाहण्यासाठी हेड उलटे धरून वायूच्या वाटेत घासलेट ओतीत. घासलेट झिरपले नाही तर काम पुरे. पॅकिंग बसवताना नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, तीन फेऱ्यांत आवळायचे. इंजिन चालवून तापवायचे. ओतीव लोखंडाचे हेड असेल तर ते तापलेले असतानाच, आणि अॅल्युमिनियमचे असेल तर थंड झाल्यावर, पुन्हा एकदा आवळायचे. फोर्डचे स्टड पाण्याच्या पोकळीत उतरलेले असल्याने त्यांच्या आट्यांना सफेदा लावावा लागे. बल मोजणारा पाना गॅरेजात अपवादानेच असे. कोणत्या लांबीच्या पान्याने, किती जोराने आणि कोठे थांबायचे, हे मनगटाला कळावे लागे, आणि ते कळण्यासाठी शागिर्दाची काही वर्षे जात. मला या मनगटाविषयी आदर आहे, तो केवळ कौशल्याचा म्हणून नव्हे. त्या हातांना माहीत होते की एक नट अधिक आवळला गेला तर गाडी तिसऱ्या खेपेला रस्त्यात बसेल, चालक उन्हात अडकेल आणि गाठी स्टेशनवर वेळेवर पोहोचणार नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाने या सर्व व्यवहाराला विलक्षण वळण दिले. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशातील येनानजांगच्या तेलविहिरी जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनीच उद्ध्वस्त केल्या, आणि हिंदुस्थानच्या पेट्रोलचा एक मुख्य झरा आटला. तेव्हा बसगाड्यांच्या आणि मालमोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या आल्या, ज्यांत लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू थंड करून, गाळून इंजिनात सोडीत. या वायूत कस कमी. इंजिनाचे बळ सुमारे तृतीयांशाने घटे. परंतु त्याचा एक गुण असा की, पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक दाब तो ठोका न देता, म्हणजे अवेळी भडका न उडता, सहन करतो. पेट्रोलची ती इंजिने वायूला एकास साडेसहाच्या आसपास दाबणारी. म्हणून पुष्कळ ठिकाणी हेडे मुद्दाम तासून त्यांची पोकळी लहान करण्यात आली, दाब वाढवण्यात आला आणि गेलेल्या बळाचा काही अंश परत मिळवण्यात आला. हेड तासणे ही जी आजवर व्याधीवरची शस्त्रक्रिया होती, ती युद्धकाळात इंधनाच्या दुष्काळावरची तोड झाली. मात्र कोळशाच्या वायूबरोबर येणारे डांबर झडपांच्या दांड्यांना चिकटे, राख सिलिंडर खाई, आणि हेड पूर्वीपेक्षा कितीतरी वारंवार उतरवावे लागे. नवे पॅकिंग मिळेना, तेव्हा तांब्याचा जुना पत्रा लाल होईतो तापवून पाण्यात बुडवावा, म्हणजे तो पुन्हा मऊ पडतो, ही कोणत्याही तांबटाला ठाऊक असलेली गोष्ट मोटारीच्या कामी आली. आणि पुढे पेट्रोल परत आले, तेही कमी प्रतीचे, तेव्हा तासलेली हेडे ठोका देऊ लागली. त्यावर दोन पॅकिंगे एकावर एक घालून पोकळी पुन्हा वाढवण्याचा उपाय निघाला. या प्रत्येक टप्प्यावर तेच एक ओतीव लोखंड होते, आणि त्याच्यापुढे परिस्थिती मात्र दरवेळी नवी.

याच वर्षांत याच वर्ध्यात जे. सी. कुमारप्पा पेट्रोलसंबंधी निराळ्या भूमिकेवरून विचार करीत होते, हे विसरून चालणार नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा मगनवाडीतील कारभार पाहताना त्यांनी निसर्गातून अखंड मिळत राहणाऱ्या साधनांवरची अर्थव्यवस्था आणि साठ्यातून उपसल्या जाणाऱ्या तेल-कोळशावरची अर्थव्यवस्था असा भेद केला, आणि दुसरीच्या पोटात युद्धाचे बीज असते असे बजावले. येनानजांगच्या धुराने त्यांचे म्हणणे खोटे ठरवले असे कोणी म्हणणार नाही. परंतु माझ्या मते मगनवाडी आणि गॅरेज या दोन परस्परविरोधी वस्तू नव्हत्या. ज्या मिस्त्र्याने एक हेड दहा वेळा सरळ करून चालवले, तांबे मऊ करून पुन्हा वापरले, झडप फेकून न देता घासून बसवली, तो कुमारप्पांना अभिप्रेत असलेल्या कारागिराच्या अगदी निकटचा होता. त्याच्या हातातले यंत्र दूर देशाचे होते एवढाच काय तो भेद, आणि तो भेद त्याने निवडलेला नव्हता.

युद्धकाळात पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे कोठार उभे राहिले आणि बोथट नाकाच्या लष्करी मालमोटारी या भागातील रस्त्यांवर परिचित झाल्या. या गाड्या कॅनडात बनलेल्या; बाहेरून एकसारख्या दिसत, पण फोर्डच्या गाडीत व्ही-आठ आणि शेव्हरलेच्या गाडीत सहा सिलिंडरांचे इंजिन असे. युद्ध संपल्यावर देशभर त्यांचे लिलाव झाले, आणि ‘डिस्पोजलची गाडी’ हा मालवाहतुकीच्या धंद्यात शिरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. १९४३ च्या डिसेंबरात देशातील मुख्य अभियंत्यांनी नागपुरास जमून जी रस्त्यांची योजना आखली होती, तिच्यात सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे असे ध्येय होते; ते साधण्यास कैक वर्षे लागली, परंतु लष्करी गाड्या कच्च्या वाटांनीही जाऊ शकत, आणि त्या वाटांवर त्यांची हेडे सर्वाधिक तापत. पुढे १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशीनंतर, देशात निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जुळणीच्या कारखान्यांना गाशा गुंडाळावा लागला. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले, आणि त्यांच्या गाड्या मात्र मागे राहिल्या, सुट्या भागांवाचून.

तडकलेल्या हेडाची दुरुस्ती हे यानंतरच्या काळाचे मुख्य काम. ओतीव लोखंड थंड असताना सांधू गेले तर सांध्याच्या शेजारीच नवा तडा पडतो. म्हणून अख्खे हेड बाभळीच्या कोळशात हळूहळू लाल होईतो तापवावे, त्या तापातच पितळेने वा ओतीव कांडीने सांधावे, आणि मग राखेत पुरून रात्रभर सावकाश थंड होऊ द्यावे. दुसरी रीत थंडीतली: तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून तो पुढे सरकणे थांबवावे, आणि मग तड्याच्या लांबीभर एकमेकांत शिरणारे आटेदार खिळे ठोकून तो शिवून टाकावा. या कामांत जे धोके होते ते कामगारांना कोणी सांगितले नाहीत. जुने पॅकिंग खरवडताना उडणारा अॅस्बेस्टॉसचा धुरळा फुप्फुसांचा शत्रू आहे, हे जगातील वैद्यांना त्या काळीही कळत होते. पण टिनाच्या छपराखाली शागिर्द मुले तोच धुरळा फुंकून उडवीत. या अन्यायाची किंमत कोणी भरली, याचा हिशेब कोणाच्याही खातेवहीत नाही, आणि या विद्येचे गुणगान करताना तो विसरणे मला शक्य नाही.

१९५४ साली जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीज-बेंझच्या डिझेल मालमोटारी बाहेर पडू लागल्या, आणि १९५६ च्या नोव्हेंबरात हा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला तोवर धंद्याचा कल स्पष्ट झालेला होता. डिझेल स्वस्त, आणि तेवढ्याच इंधनात मजल अधिक. पुष्कळ मालकांनी जुन्या डॉज-फार्गो गाड्यांची पेट्रोलची इंजिने काढून मद्रासच्या सिम्पसन कंपनीची पर्किन्स पी-६ डिझेल इंजिने बसवली. सांगाडा तोच, इंजिन निराळे. मिस्त्र्यांना मात्र नव्याने शिकावे लागले. डिझेलचे इंजिन हवेला सोळापटींहून अधिक दाबते. तेथे हेडाचा पृष्ठभाग मन मानेल तसा तासता येत नाही, कारण झडप आणि पिस्टन यांच्यातले अंतर आधीच केसाएवढे. पॅकिंगची जाडी ठरलेली, दोन घालण्याचा प्रश्नच नाही. आणि नट कारखान्याने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळायचे. बल मोजणारा पाना गॅरेजात आला तो या निमित्ताने. ज्यांचे मनगट पेट्रोलच्या हेडांवर तयार झाले होते, त्यांच्याकडे यानंतर मुख्यतः जीपगाड्या येत राहिल्या, आणि पुढे जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या, जवळजवळ चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाच्या निसान एक-टनी लष्करी गाड्या, ज्या लष्कराच्या लिलावातून सुटून शेतकऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या दारी येत, आणि ज्यांची हेडे उतरवण्याची रीत जुन्या शेव्हरलेपेक्षा फारशी वेगळी नव्हती.